वाडवडिलांच्या समाध्यांची निगा

(समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी मला “या वर्षी आपण चार शब्द बोलावे” असा निरोप धाडला, तेव्हा मी प्रथम नकारच कळविला होता. मी कोणी व्युत्पन्न पंडित नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण होऊन मी प्राथमिक शाळेत शिक्षक झालो आणि एकोणचाळीस वर्षे मुलांना पाढे, शुद्धलेखन व भूगोल शिकवून २०१६ साली सेवानिवृत्त झालो. धर्मग्रंथांवर बोलण्याचा माझा अधिकार नाही. परंतु गेल्या मार्गशीर्षात माझ्या डोळ्यांसमोर एक गोष्ट उघडकीस आली. तिचा दोष सर्वस्वी माझा आहे. ती आपणांपुढे मांडल्यावाचून मला चैन पडेना, म्हणून उभा राहिलो आहे.

आपल्या वीरशैव लिंगायत समाजात देहाला अग्नी न देता भूमीत समाधी देण्याची चाल आहे, हे येथे बसलेल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. मनुष्य मेला असे आपण म्हणत नाही, लिंगैक्य झाला असे म्हणतो. देहाला स्नान घालून, भस्म लावून, मांडी घातलेल्या स्थितीत बसवितात. जन्मभर गळ्यात बाळगलेले इष्टलिंग डाव्या तळहातावर ठेवतात. समाधीत भस्म आणि बेलाची पाने घालतात, पुष्कळ ठिकाणी मीठही घालतात, आणि स्वामींच्या मंत्रोच्चारात माती लोटली जाते. ज्यांच्या घरी शेत आहे ते बहुधा आपल्याच शेताच्या कोपऱ्यात समाधी देतात. ज्यांना शेत नाही त्यांच्यासाठी गावोगाव समाजाची रुद्रभूमी असते. लातूर, धाराशिव, सोलापूर या भागांत आपण एस. टी. ने जाऊ लागलो, तर ज्वारीच्या उभ्या पिकात मध्येच एक लिंबाचे झाड आणि त्याखाली दोन-चार चौथरे दिसतात. ते कोणा ना कोणा घराचे आजोबा-पणजोबा असतात.

निलंगा तालुक्यात आमचे असेच एक शेत होते. गावात आमचे किराण्याचे छोटे दुकान होते, आणि नदीच्या अलीकडे सात एकर काळी जमीन होती. शेताच्या उत्तर बांधाला जुना लिंब होता. त्याच्या सावलीत पणजोबांची, आजोबांची अशा दोन समाध्या होत्या. पुढे आजी, आमचे अप्पा आणि आई यांच्याही समाध्या तेथेच झाल्या.

मी सहा-सात वर्षांचा असल्यापासूनच्या वेळा अमावास्या मला आठवतात. आपल्याकडे तिला येळवस म्हणतात. ज्यांना हा सण ठाऊक नसेल अशा पुण्या-मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो की, मार्गशीर्ष अमावास्येला गावात माणूस म्हणून उरत नाही. सारे कुटुंब शेतात जाते, कडब्याची कोप उभारते, तीत चुन्याने रंगविलेले पाच पांडव मांडते आणि आंबील, भज्जी व उंडे यांचा नैवेद्य दाखविते. आमच्या घरी मात्र कोपीकडे जाण्यापूर्वी आजी मला लिंबाखाली नेत असे. आधी ती पदर खोचून गवत उपटी. मग तांब्यातून पाणी घालून चौथरे हाताने चोळून धुई, भस्माची तीन बोटे ओढी, आणि एकेका चौथऱ्यावर हात ठेवून मला विचारी, “हे कोण?” मी नाव सांगितले की, “त्यांचे वडील कोण? गाव कोणते? काय करायचे?” असे पुढचे प्रश्न येत. उत्तर चुकले तर ती स्वतः सांगे आणि पुन्हा म्हणवून घेई. पणजोबांना गूळ फार आवडे, ते बैलगाडीने हुमनाबादच्या बाजाराला जात, पाऊस पडू लागला की दुकानाच्या ओट्यावर बसून एकटेच हसत, हे सारे मी तेथे शिकलो. मी त्यांना पाहिलेले नाही. तरीही ते कसे हसत असतील हे मला पाहिल्यासारखे वाटते. पुढे शाळेत मी मुलांकडून पाढे पाठ करून घेऊ लागलो, तेव्हा माझ्या लक्षात आले की ही पद्धत मी कोणत्याही अध्यापन विद्यालयात शिकलेलो नव्हतो. ती आजीची होती.

आता ज्या गोष्टीसाठी उभा राहिलो तिच्याकडे वळतो.

१९८८ सालच्या उन्हाळ्यात आमची मुलगी अकरा महिन्यांची असताना अतिसाराने गेली. त्या वेळी मी साठ किलोमीटरांवरच्या शाळेत नोकरीस होतो. निरोप मिळून पोहोचेपर्यंत दुपार झाली. लिंबापासून थोडे पूर्वेस, चौथऱ्यांपासून वेगळे, असे तिला ठेवले. लहान मुलांवर चौथरा बांधण्याची आमच्याकडे रीत नव्हती. माझ्या आईने बांधावरचा एक दगड आणून खुणेसाठी तेथे ठेवला. त्यावर अक्षर नव्हते, नाव नव्हते. मी तेव्हाच पत्नीला म्हणालो होतो की, पुढच्या सुट्टीत पाथरवटाकडून नाव कोरून आणतो. पुढची सुट्टी आली, तिच्यापुढचीही आली. आई होती तोवर काही अडले नाही, कारण तिला ती जागा ठाऊक होती आणि ती येळवसेला त्या दगडावरही पाणी घाली. १९९९ साली आई लिंगैक्य झाली. त्यानंतर आम्ही उभयता वर्षाआड जात असू, नंतर तेही राहिले. बदल्या, मुलांची शिक्षणे, पत्नीचे दुखणे अशी कारणे पुष्कळ सांगता येतील, पण ती सांगून काय उपयोग!

२००९ साली धाकट्या बंधूंना पैशांची निकड पडली आणि ते शेत विकावे लागले. त्यांच्यावर माझा मुळीच राग नाही. खरेदीखतावर माझीही सही आहे. मी आयुष्यभर इतरांचे अर्ज लिहून दिले, गावच्या निम्म्या लोकांची पत्रे माझ्या हातची आहेत, आणि त्या दिवशी त्या कागदात “उत्तर बांधालगतच्या समाध्या व तेथवर जाण्याची वाट वगळून” एवढे सात-आठ शब्द घालावेत हे मला सुचले नाही. घेणारे गृहस्थ सज्जन होते. ते जिवंत होते तोवर चौथऱ्यांपासून दोन हात अंतर ठेवून नांगर वळवीत. लहानग्या दगडाचे मी त्यांना तोंडी सांगितले होते, तेही त्यांनी पाळले. ते २०२१ साली वारले.

गेल्या येळवसेला मी, पत्नी आणि नातू असे तिघे गेलो. शेतात मूळ मालकांचा मुलगा होता. चौथरे जागेवर होते. त्यांतील एकाला तडा गेला होता आणि भोवती गाजरगवत छातीइतके माजले होते, पण ते होते. पूर्वेस मात्र सारे सपाट, आणि हरभरा छान उगवलेला. दोन वर्षांपूर्वी ट्रॅक्टरने रोटाव्हेटर फिरविला, तेव्हा रानातले दगड वेचून बांधावर टाकले होते. तेथे तीस-चाळीस दगडांचा ढीग होता. माझी पत्नी त्या ढिगापाशी बसली आणि एकेक दगड उचलून, फिरवून, पाहून बाजूला ठेवू लागली. अर्धा तास ती ते करीत होती. मी तिला उठ म्हणालो नाही. तिला तो ओळखता आला नाही.

तो तरुण फार वरमला. तो माझा विद्यार्थी नव्हे, पण त्याचे वडील माझ्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेले. तो म्हणाला, “गुरुजी, मला कुणी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर मी तिथं ट्रॅक्टर घातला असता का?” यावर मी काय उत्तर देणार? त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. परत येताना पत्नी एवढेच म्हणाली, “सासूबाईंना डोळे मिटून सापडायची ती जागा.”

हे मी घरातले गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. आपणांपैकी कित्येकांच्या घरी हीच स्थिती आहे किंवा येत्या दहा-वीस वर्षांत येणार आहे. आपल्या समाध्या कोठे आहेत ही माहिती कोणत्याही दप्तरात नाही, ती एखाद्या म्हाताऱ्या आईच्या डोक्यात आहे. ती गेली की चौथरा असला तरी तो कोणाचा हे सांगणारे कोणी राहत नाही, आणि चौथरा नसेल तर मग जागाही राहत नाही.

येथे एक आक्षेप घेतला जातो, तोही विचारात घेतला पाहिजे. समाजातील काही जाणती मंडळी म्हणतात, “मास्तर, आपण इष्टलिंगाचे उपासक. आपल्याला सूतक नाही, पिंडदान नाही, श्राद्ध नाही. जीव शिवात मिळाला, मग मातीच्या ढिगाचे एवढे स्तोम कशाला? उद्या तुम्ही त्याचीच पूजा मांडाल.” हा आक्षेप उथळ नव्हे. पंचसूतके नाकारणे हा आपल्या धर्माचा मोठा विशेष आहे, आणि मृताच्या नावाने भय दाखवून पैसे उकळण्याची वाट त्यामुळेच आपल्याकडे बंद झाली. मलाही समाधीपुढे नवस बोलणे, कोंबडे-बकरे दाखविणे, अंगात येणे हे प्रकार अगदी नापसंत आहेत. पण माझ्या आजीने पणजोबांकडे कधी काही मागितलेले मला आठवत नाही. ती गवत उपटी आणि नातवाला नावे शिकवी, यात मला शास्त्राचा कोणताही भंग दिसत नाही. शिवाय ज्या भूमीत आपण इष्टलिंगासहित देह ठेवला, तेथे उकिरडा होऊ देणे हे कोणत्या शास्त्रात बसते, तेही त्या जाणत्यांनी सांगावे.

आणि पाहा, संतांच्या बाबतीत आपण हा आक्षेप घेत नाही. कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातील कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनास आपल्या दिंड्या कित्येक दिवस पायी चालत जातात. सोलापूरला सिद्धरामेश्वरांची समाधी तळ्याच्या मध्यभागी आहे, आणि संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज खांद्यावर घेण्यासाठी तरुणांत अहमहमिका लागते. कृष्णा-मलप्रभेच्या संगमावर कूडलसंगम येथे महात्मा बसवेश्वरांचे ऐक्यस्थान आहे. नारायणपूर धरणाचे पाणी फुगू लागले तेव्हा ते बुडाले असते. तेथे सभोवार विहिरीसारखे उंच गोल बांधकाम करून पाणी अडविले आहे. मी २०१८ साली पत्नीसह गेलो होतो. पुलावरून चालत जावे, मग पायऱ्यांनी खाली उतरावे; भोवती नदी आणि तळाशी ते स्थान कोरडे. आठशे वर्षांहून जुनी जागा राखण्यासाठी मनुष्याने नदी बाजूला सारली, हे पाहून मी थक्क झालो होतो. आज त्याची आठवण झाली की लाज वाटते. मला एक दगड राखता आला नाही.

ज्यांना निवडच मिळाली नाही असेही लोक आहेत, त्यांचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाणे योग्य होणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. आदल्या रात्री गणेशविसर्जन होते, लोक थकून झोपले होते आणि दगडमातीच्या माळवदांखाली हजारो जीव गेले. वर पाऊस सुरू झाला. त्या दिवसांत सामुदायिक चिता पेटविण्यावाचून गत्यंतरच नव्हते, आणि त्यांत आपल्या समाजाच्याही कित्येकांना भूमीऐवजी अग्नी मिळाला. शाळेतर्फे मदत घेऊन मी चौथ्या दिवशी तिकडे गेलो होतो. एक वृद्ध गृहस्थ मला पुन्हा पुन्हा विचारीत होते की, “मास्तर, लिंग हातात नव्हतं हो पोराच्या, चालतं का?” मी चालते म्हणालो. माझा अधिकार नसताना म्हणालो, आणि आजही त्याचा मला पश्चात्ताप नाही. पुढे ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. जुन्या गावांजवळच्या रुद्रभूमी आणि समाध्या मात्र जेथल्या तेथे राहिल्या. किल्लारीच्या स्मृतिस्तंभापाशी दरवर्षी ३० सप्टेंबरला मानवंदना होते, ते उचितच आहे. पण भूकंपापूर्वी लिंगैक्य झालेल्यांच्या, जुन्या गावाकडे राहिलेल्या समाध्यांकडे आता किती जण जातात, हे त्या गावांतल्या मंडळींनी आपल्या मनाशीच पाहावे. २०२० व २०२१ या साथीच्या वर्षांतही कित्येकांना आपल्या माणसाचे अखेरचे दर्शन झाले नाही. अशा घरांनी समाधी नाही म्हणून खंत करीत बसू नये. एखादे बेलाचे झाड लावावे, त्याच्या बुंध्याशी नावाची पाटी ठेवावी. त्याचीही निगा हीच.

आता निगा म्हणजे काय करावयाचे ते सांगतो. हे थोडे रुक्ष वाटेल, पण मास्तराची सवय जात नाही.

समाधी दिल्यावर लगेच पक्के बांधकाम करण्याची घाई करू नये. बसत्या आसनासाठी खड्डा खोल घेतात आणि वर लोटलेली माती पोकळ असते. पहिल्या पावसाळ्यात ती हमखास खचते. निदान एक, शक्य तर दोन पावसाळे जाऊ द्यावेत, खचलेल्या जागी माती भरीत राहावे आणि मगच चौथरा घालावा. आपल्या भागात तर जमीन काळी. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरच्यावर सिमेंट ओतून केलेला चौथरा तिच्यावर टिकत नाही, दुभंगतो. आमच्या अप्पांच्या चौथऱ्याचे तेच झाले. काळी माती काढून खाली मुरूम आणि दगडगोटे ठासून भरावे, त्यावर बांधावे. भेग पडलीच तर लगेच बुजवावी, नाहीतर तीत पिंपळ उगवतो. पिंपळाचे रोप बोटभर असताना दोन बोटांनी निघते, तीन वर्षांनी त्याच्यासह दगडही निघतात.

गाजरगवत हा शत्रू आपल्या आजोबांना ठाऊक नव्हता. ते १९५५ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम दिसले आणि आज अशी एकही पडीक जागा नाही की जेथे ते नाही. ते फुलावर येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, मुळासकट उपटावे. नुसते कापले तर पुन्हा फुटते. हातात मोजे घालावेत, कारण त्याने अंगाला खाज सुटते आणि कित्येकांना दमाही लागतो. म्हणून श्रावणात एक आणि येळवसेपूर्वी एक अशा दोन खेपा कराव्यात. तणनाशक फवारून मोकळे होणारे लोक मी पाहिले आहेत. शेजारच्या बेलाचेही त्यात वाटोळे होते.

दगड धुताना पाणी आणि नारळाच्या काथ्याचा कुंचा पुरे. तारेचा ब्रश आणि संडास धुण्याचे ॲसिड यांनी दगड एक दिवस चकचकतो, पण अक्षरे झिजतात. तेल ओतू नये, त्यावर धूळ बसून काळी पुटे चढतात. चौथऱ्याला वर्षातून एकदा चुन्याची निवळी द्यावी, तीत थोडा डिंक घालावा. ऑइलपेंट देऊ नये, आतली ओल अडकते आणि पापुद्रे सुटतात. नाव रंगवून घेऊ नये, कोरून घ्यावे. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, गाव आणि तिथीबरोबर इसवी तारीख, एवढे पुरे.

याच्यापुढे जे काही चालते त्याविषयी न बोललेले बरे, पण बोलतो. अलीकडे समाधीवर ग्रॅनाइट, संगमरवर, घुमटी, कठडे आणि फरशीत बसविलेले रंगीत छायाचित्र असा थाट सुरू झाला आहे. ते छायाचित्र चार-दोन उन्हाळ्यांत पांढरे पडते आणि मग तेथे वडील आहेत की काका हे ओळखता येत नाही. आपल्या शेतात कोणी काय बांधावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण गावच्या सामाईक रुद्रभूमीत एका श्रीमंताने वीस फुटांचा कठडा घातला, तर दोन गरिबांना जागा कोठे उरणार? आधीच रुद्रभूमी चारी बाजूंनी आखडत चालल्या आहेत. सामाईक जागेत चौथऱ्याचे माप सर्वांना एकच असावे, असा ठराव या संमेलनाने करावा अशी माझी नम्र सूचना आहे. श्रीमंतांना खर्चच करावयाचा असेल तर कुंपण घालावे, पाण्याचा हौद बांधावा आणि त्यावर आपले नावही लिहावे, माझी हरकत नाही.

ज्यांच्या समाध्या स्वतःच्या शेतात आहेत त्यांनी माझ्या चुकीतून एवढे तरी घ्यावे. भावाभावांत वाटणी होत असेल किंवा जमीन विकावयाची असेल, तर कागदात समाध्यांची जागा चतुःसीमेसह लिहावी, आणि जाण्यायेण्याची वाटही लिहावी. अर्धा गुंठा जागेसाठी कोणी सौदा मोडत नाही. शब्दांची मांडणी कशी करावी आणि सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ या रकान्यात तशी नोंद घेता येईल काय, हे वकिलांना व तलाठ्यांना विचारावे. त्यांचे पदनाम आता बदलले असले तरी आपण त्यांना तलाठीच म्हणतो. तोंडी शब्दावर विसंबू नये. शब्द देणारा माणूस भला असतो, पण तोही एक दिवस जातो.

नोंद करावयाची तर जागा नेमकी कशी सांगावी, हा प्रश्न माझ्यापुढे होता. लिंबापासून इतकी पावले, बांधापासून इतकी, असे मी लिहू लागलो तेव्हा नातू हसला. त्याने चौथऱ्यावर मोबाइल धरला आणि मला अक्षांश-रेखांश वाचून दाखविले: अठरा अंश उत्तर आणि पुढे दशांशचिन्हानंतर पाच-सहा आकडे. एकोणचाळीस वर्षे मी मुलांकडून अक्षांश-रेखांश पाठ करून घेतले, पण पणजोबांची जागा त्यांनी सांगता येते हे मला त्या दिवशी कळले. झाड पडेल, बांध सरकेल, ते आकडे राहतील. तरी पावलांचे मापही लिहावे, असे माझे मत आहे. मोबाइल हरवतात.

समाजाच्या कार्यकारी मंडळींनी माझ्या विनंतीवरून एक जाड बांधणीची नोंदवही आणून दिली आहे. तीत मी रकाने आखले आहेत: लिंगैक्य झालेल्या व्यक्तीचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव, तिथी व तारीख, गाव, गट क्रमांक, खाणाखुणा, माहिती सांगणाऱ्याचे नाव आणि शेवटी ‘आठवण’. या शेवटच्या रकान्यात एखादी ओळ लिहावी. ते काय करीत, त्यांना काय आवडे, काहीही. चिटणीस म्हणाले, हा रकाना कशाला? मी त्यांना गुळाची गोष्ट सांगितली. घरात ऐंशीच्या पुढची आई, आजी, आत्या असेल तर पुढच्या येळवसेला तिला खुर्चीत बसवून का होईना शेतात न्यावे, आणि तिने बोट दाखवावे तसे नातवंडांनी लिहून घ्यावे. लेकी-सुनांनाही न्यावे. माहेरच्या समाध्यांची माहिती पुष्कळदा लेकींनाच अधिक असते आणि त्यांना कोणी विचारीत नाही.

पहिल्या पानावर मी आमच्या घराच्या सहा नोंदी केल्या आहेत. पाच पूर्ण आहेत. सहावीत मुलीचे नाव आहे, तारीख आहे, आणि खाणाखुणांच्या रकान्यात “लिंबाच्या पूर्वेस, दहा ते पंधरा पावलांच्या आत” असे लिहिले आहे. त्याहून नेमके मला लिहिता आले नाही. आठवणीचा रकाना पत्नीने भरला आहे. त्या तरुणाने यंदा तेवढा पट्टा नांगरणीतून सोडला असून तेथे बेलाचे रोप लावण्यास संमती दिली आहे. ज्येष्ठात पहिला पाऊस झाला की आम्ही जाणार आहोत.

नोंदवही दाराजवळच्या मेजावर ठेवली आहे, शेजारी दोन लेखण्या आहेत. भोजनाची पहिली पंगत बसण्यास अजून अर्धा तास अवकाश आहे. ज्यांना गट क्रमांक पाठ नसेल त्यांनी आज नाव व गाव तरी लिहून जावे, उरलेले पत्राने किंवा फोनवर कळविले तरी मी भरून घेईन. माझे अक्षर अजून वाचता येते.